बालकांचे इसब आणि ‘स्टिरॉइडविरहित’ मलम : वैद्यांची जबाबदारी

गेली वीस वर्षे आम्ही सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी चिकित्सा करीत आहोत. आमच्याकडे येणाऱ्या बालरुग्णांत त्वग्विकारांचे प्रमाण मोठे असते आणि त्यांतही इसबाची बालके नेहमीच असतात. पूर्वी अशा बालकाची माता ‘खाज थांबवा’ एवढेच म्हणत असे. आता ती दोन गोष्टी मागते. खाज थांबावी आणि मलमात स्टिरॉइड नसावे. दुसरी मागणी ती ॲलोपॅथीच्या दवाखान्यात भीत भीत करते. आपल्या दवाखान्यात मात्र ती करण्याची तिला गरजच वाटत नाही. आयुर्वेदाच्या मलमात स्टिरॉइड असणारच नाही, असे ती गृहीत धरून येते.

प्रस्तुत लेख या गृहीतकाविषयी आहे. समाजाचा हा विश्वास आपणास पूर्वसूरींच्या पुण्याईने मिळालेला आहे. तो टिकविण्यासाठी आपण स्वतः काय करतो, हा प्रश्न आम्ही वैद्यबंधु-भगिनींसमोर ठेवू इच्छितो. आमचे मत आरंभीच स्पष्ट करतो. जे मलम आपण स्वतः बनविलेले नाही, ज्याचे घटक आपणास ठाऊक नाहीत आणि ज्याच्या डबीवर ते लिहिलेले नाहीत, त्यास ‘स्टिरॉइडविरहित’ म्हणण्याचा आपणास अधिकार नाही. आणि ते खरोखरच स्टिरॉइडविरहित असले, तरी तेवढ्याने ते बालकासाठी योग्य ठरत नाही.

आमचा प्रमाद

हे मत आम्ही ग्रंथ वाचून बनविलेले नाही. २०१० साली एक विक्रेता आमच्याकडे मलमाचे अर्ध्या किलोचे डबे घेऊन येऊ लागला. संपूर्ण वनौषधी, घराण्यातील गुप्त योग, लहान मुलांनाही चालतो, असे तो सांगे. डब्यावर नाव होते, घटक नव्हते. आम्ही ते मलम छोट्या डब्यांत भरून रुग्णांस देऊ लागलो. तिसऱ्या दिवशी लाली उतरे, चौथ्या दिवशी बालक रात्रभर झोपे. शेजारच्या गावांतून रुग्ण येऊ लागले. आम्हांस आनंद झाला, आणि खरे सांगावयाचे तर थोडा अहंकारही झाला.

वास्तविक त्याच वेळी आम्हांस शंका यावयास हवी होती. करंज, निंब, मंजिष्ठा, सारिवा, यष्टीमधु ही द्रव्ये आम्ही तोवर अनेक वर्षे वापरीत होतो. त्यांनी गुण येतो, पण तो हळूहळू. तीन दिवसांत चाळीस जणांची त्वचा सारखीच निवळते, असे त्यांच्या बाबतीत आम्ही कधी पाहिले नव्हते.

सात-आठ महिन्यांनी दोन वर्षांची एक मुलगी पुन्हा आली. तिच्या आईने ते मलम गालांना दररोज तीन वेळा लावले होते. गालांची त्वचा पातळ, तांबूस व चकचकीत झाली होती आणि तिच्याखाली बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दिसत होते. मलम दोन दिवस बंद केले की गाल पेटून उठत. आम्ही त्या मलमाचा नमुना पुण्यातील एका खाजगी प्रयोगशाळेत पाठविला. त्यात बीटामेथासोन निघाले. विक्रेत्याने हात झटकले आणि पुढे त्याचा फोन लागेनासा झाला.

आम्ही त्या मातेस बोलावून सर्व हकिकत सांगितली. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, “डॉक्टर, तुम्हाला माहीत नव्हतं?” आम्हांस माहीत नव्हते, हे खरे. परंतु दुसऱ्याच्या लेकरास औषध लावावयास देणाऱ्याला त्या औषधात काय आहे हे माहीत नसावे, हाच आमचा प्रमाद होता. त्या मुलीचे गाल निवळण्यास जवळजवळ वर्ष लागले.

ही उदाहरणे एकटी नाहीत

वनौषधींच्या नावाखाली स्टिरॉइड विकण्याचा प्रकार जुना आहे आणि तो आपल्या देशापुरता मर्यादित नाही. १९९९ साली ब्रिटनमध्ये त्वग्विकारांसाठी दिल्या जाणाऱ्या चिनी वनौषधींच्या ११ मलमांची तपासणी झाली. त्यांपैकी ८ मलमांत डेक्सामेथासोन आढळले. २००३ साली बर्मिंगहॅम येथील वैद्यांनी इसबाच्या बालरुग्णांकडून वनौषधींच्या मलमांचे २४ नमुने गोळा केले. त्यांतील २० नमुन्यांत स्टिरॉइड होते आणि कित्येकांत क्लोबेटासॉल, म्हणजे या वर्गातील सर्वांत तीव्र औषधांपैकी एक. आपले मूल स्टिरॉइडपासून वाचावे म्हणूनच पालक त्या मलमांकडे वळले होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडील चित्रही पाहावे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात १२ केंद्रांवरील चेहऱ्याच्या त्वग्विकारांचे २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांतील ४३३ जण चेहऱ्यास स्टिरॉइडचे मलम लावीत होते आणि त्यांपैकी दहांतील नऊ जणांस त्याचे दुष्परिणाम झालेले होते. स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक अशा तिहेरी मिश्रणांच्या ट्यूब मेडिकलमध्ये चिठ्ठीविना मिळत. गजकर्ण असो, खरूज असो, इसब असो, सर्वांस तीच ट्यूब. २०१८ साली केंद्र शासनाने त्वचेवर लावावयाच्या स्टिरॉइडांस अनुसूची ‘एच’ मध्ये मिळणारी सूट काढून घेतली, त्यामुळे आता ती वैद्यकीय चिठ्ठीवरच विकली गेली पाहिजेत. कायदा झाला. परंतु खेड्यातील दुकानात आजही काय घडते, हे वाचकांस आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही.

अशा परिस्थितीत वैद्याच्या हातची बिननावाची डबी ही पालकांस सुरक्षित वाटते. ती तशी असेलच असे नाही, हे आम्ही स्वानुभवाने शिकलो.

भीती कितपत खरी

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, अन्यथा हा लेख एकांगी होईल. १९५२ साली सल्झबर्गर व विटन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन वर्गातील द्रव्य त्वचेवर लावून इसबात गुण येतो असे दाखविले, आणि त्वग्विकारांच्या चिकित्सेत मोठा बदल घडला. तेव्हापासून अगणित बालकांची खाज या औषधांनी शमली आहे. दोष द्रव्यापेक्षा वापरात अधिक आहे. सौम्य व तीव्र स्टिरॉइड यांत कित्येक पटींचा फरक असतो. बालकाचे त्वचेचे क्षेत्रफळ त्याच्या वजनाच्या मानाने अधिक असते, त्यामुळे शोषणही अधिक होते. चेहरा, पापण्या, काखा, जांघा या जागी त्वचा पातळ असते. लंगोट वा डायपरखाली लावलेले मलम झाकले जाते व अधिक मुरते. तीव्र औषध, मोठे क्षेत्र आणि दीर्घ काळ ही तिन्ही एकत्र आली म्हणजे त्वचा झिजते, आणि क्वचित् शरीरातील नैसर्गिक स्टिरॉइडची निर्मितीही मंदावते.

याउलट योग्य तीव्रतेचे मलम अल्पकाळ वापरल्यास धोका फार कमी असतो. कॉक्रेन या संस्थेने २०२४ साली २९१ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध केले. त्यात तीव्र स्टिरॉइड परिणामकारक मलमांच्या वरच्या पंक्तीत आले, आणि अल्पकाळाच्या वापराने त्वचा पातळ होण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही.

हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. ‘ती ट्यूब आजच फेकून द्या’ असे सांगण्याची आपल्यापैकी अनेकांस सवय आहे. सहा महिने तीव्र स्टिरॉइड लावलेल्या बालकाचे मलम एका दिवसात बंद केले, तर व्याधी दुप्पट वेगाने उसळते, त्वचा लाल होऊन जळजळते, बालक व घर दोन्ही रात्रभर जागे राहतात. मग ती माता पुन्हा मेडिकलमध्ये जाते आणि पूर्वीपेक्षा तीव्र ट्यूब आणते. अशा बालकाचे स्टिरॉइड क्रमाने सौम्य करीत व दिवसाआड, नंतर आठवड्यातून दोनदा असे कमी करीत न्यावे लागते. आणि ते ज्यांनी सुरू केले त्या डॉक्टरांशी बोलून करावे. यात आपला कमीपणा नाही.

हा मक्ता आपला एकट्याचा नव्हे

स्टिरॉइड नसलेले मलम म्हणजे आयुर्वेदाचेच मलम, असा समज आपल्या मंडळींत आहे. तो आता कालबाह्य झाला आहे. अमेरिकेत टॅक्रोलिमसच्या मलमास २००० साली व पिमेक्रोलिमसच्या क्रीमला २००१ साली मान्यता मिळाली. टॅक्रोलिमसचे ०.०३ टक्के मलम दोन वर्षांवरील बालकांसाठी आहे आणि ते आपल्याकडेही सर्वत्र मिळते. त्याने त्वचा पातळ होत नाही, म्हणून चेहरा व पापण्यांसाठी ते विशेष उपयोगी पडते; मात्र पहिले काही दिवस जळजळ होते. २००६ साली त्यावर कर्करोगाच्या शक्यतेची ठळक सूचना छापण्यात आली. पुढे सुमारे ८,००० बालकांचा दहा वर्षांपर्यंत मागोवा घेण्यात आला, त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले आणि अपेक्षेहून अधिक कर्करोग त्यात आढळले नाहीत.

२०१६ साली क्रिसाबोरोलचे मलम आले. प्रथम दोन वर्षांवरील बालकांसाठी व २०२० पासून तीन महिन्यांवरील अर्भकांसाठीही त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. परंतु वर उल्लेखिलेल्या परीक्षणात या वर्गाचा परिणाम सर्वांत कमी असलेल्यांत मोडला. २०२४ साली रोफ्लुमिलास्ट व टॅपिनारॉफ ही आणखी दोन स्टिरॉइडविरहित क्रीम बालकांच्या इसबासाठी तेथे मान्य झाली.

सांगण्याचा हेतू असा की ‘स्टिरॉइडविरहित’ हा शब्द फक्त काय नाही एवढेच सांगतो. काय आहे, किती गुण येतो, जळजळ होते का, कोणत्या वयास चालते, हे त्यातून कळत नाही. पालक हे प्रश्न आधुनिक औषधांस विचारतात, तद्वत् त्यांनी ते आपल्या मलमांसही विचारावेत आणि आपल्यापाशी उत्तर असावे.

आपल्या मलमांचे गुण व मर्यादा

चरकसंहितेत अकरा क्षुद्रकुष्ठांमध्ये विचर्चिकेची गणना आहे. तेथे कंडू, पिडका, श्याववर्ण व बहुस्राव ही लक्षणे आणि कफाचे प्राधान्य सांगितले आहे. सुश्रुताने त्याच नावाच्या व्याधीत रूक्षता सांगितली. वाङ्मयात या मतभेदावर पुष्कळ चर्चा झाली असली, तरी दवाखान्यात बसल्यावर दोन्ही चित्रे समोर येतात. कधी लस गळणारे इसब, कधी कोरडे व भेगाळलेले. काश्यपसंहितेच्या खिलस्थानात चर्मदलाच्या निमित्ताने स्तन्यपान करणाऱ्या बालकाच्या कोमल त्वचेचा स्वतंत्र विचार केला आहे, तो बालरोग पाहणाऱ्या प्रत्येक वैद्याने अवश्य वाचावा.

यावरून व्यवहारात एक नियम निघतो. लस गळत असता तेल, तूप वा जाड मलम लावू नये. प्रथम पंचवल्कलाच्या निवविलेल्या क्वाथाने परिषेक करावा, ओल्या फडक्याच्या घड्या ठेवाव्यात, स्राव आटू द्यावा. कोरड्या अवस्थेत स्नेह हेच प्रधान औषध. शतधौत घृत, सिक्थतैल, नाल्पामरादि वा एलादि केरतैल, साधे शुद्ध खोबरेल यांचे स्थान येथे आहे.

खोबरेलाविषयी आपल्या घरोघरीच्या अनुभवास पुरावाही मिळाला आहे. फिलिपाइन्समध्ये ११७ बालकांवर झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवडे नारळाचे घाण्याचे तेल व खनिज तेल यांची तुलना केली. व्याधीचा गुणांक पहिल्या गटात सरासरी ६८ टक्क्यांनी, तर दुसऱ्यात ३८ टक्क्यांनी उतरला. दुसरीकडे, ऑलिव्ह तेलाने त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे होते असे २०१३ साली दाखविले गेले. म्हणजे तेल म्हटले की ते चांगलेच, असेही नाही.

आता आपल्या त्रुटी. मरिचादि तैलात हरताळ, मनःशिला व वत्सनाभ आहेत. जात्यादि योगात तुत्थ आहे. मोठ्यांच्या चिवट कुष्ठात त्यांचे स्थान असेल, परंतु वर्षाच्या बालकाच्या ओरखडलेल्या त्वचेवर ती लावण्याचे काहीच कारण नाही. गंधकाचे मलम खरजेत उत्तम, इसबात मात्र ते त्वचा आणखी कोरडी करते. आणि शतधौत घृत हे नाव ज्या डब्यावर असते, त्यातील तूप खरोखर शंभर वेळा धुतले की यंत्रात पाण्याबरोबर दहा मिनिटे घुसळले, हे कोण पाहतो? ते घरी करावयाचे तर उकळून निवविलेले पाणी घ्यावे, थोडेच करावे व लवकर संपवावे. त्यात पाणी राहते, म्हणून ते नासते.

मात्रेचा प्रश्न तर आपण विचारातच घेत नाही. ब्रिटनमधील बालकांच्या इसबाविषयीच्या २००७ सालच्या मार्गदर्शक सूत्रांत त्वचा स्निग्ध ठेवणारे द्रव्य आठवड्यास २५० ते ५०० ग्रॅम द्यावे असे म्हटले आहे. आपण देतो वीस ग्रॅमची डबी, तीही पंधरा दिवसांसाठी. मग ‘स्नेहाने गुण आला नाही’ असा शेरा केसपेपरवर लिहितो. औषधी मलम बोटाच्या पेरावर मावेल इतके, साधारण अर्धा ग्रॅम, प्रौढाच्या दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते. स्नेह मात्र सढळ हाताने सर्वांगास लावावयाचा असतो. हे दोन्ही वेगळे आहेत, हे मातेस आपण स्वतः लावून दाखविले पाहिजे.

कोणता स्नेह, याचा फार घोळ घालू नये. ५५० बालकांवरील एका ब्रिटिश अभ्यासाचा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोशन, क्रीम, जेल व मलम या चारही प्रकारांनी सारखाच गुण आला. जे घरास परवडते आणि बालक लावू देते, ते उत्तम.

घरातील अपथ्य

मलमाच्या चर्चेत विहार मागे पडतो. अनेक घरांत अर्भकास कढत पाण्याने बराच वेळ न्हाऊ घालतात, डाळीच्या पिठाने किंवा उटण्याने अंग चोळतात, मग धुरी देतात आणि लोकरीचे टोपरे घालतात. निरोगी बालकास हे सोसते. इसबाच्या बालकास यांतील प्रत्येक गोष्ट त्रासदायक आहे. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांचे स्नान, अंग न घासता टिपणे, ते ओलसर असतानाच स्नेह लावणे, सुती कपडे, कापलेली नखे आणि धुरी पूर्ण बंद, एवढे पाळले तरी निम्मे काम होते.

फुटलेल्या त्वचेवर साय, बेसन, शेंगदाण्याचे तेल अशी खाद्यद्रव्ये लावण्याबाबतही सावध राहावे. २००३ साली ब्रिटनमधील अभ्यासात शेंगदाणा तेल असलेली मलमे लावलेल्या बालकांत शेंगदाण्याची ॲलर्जी अधिक आढळली होती.

आहाराबाबत आमचा अनुभव सांगतो. विरुद्धाहार टाळण्याचा उपदेश योग्यच आहे. परंतु दूध, अंडी, मासे, वांगे, आंबट, केळी असे एकामागून एक बंद करीत काही बालके केवळ वरण-भातावर येतात. खाज तशीच राहते आणि वजन मात्र घटते. ज्या पदार्थाने व्याधी वाढल्याचे पुनःपुन्हा दिसले आहे तोच बंद करावा, आणि बंद करण्यापूर्वी व नंतर वजन करावे.

‘इसब दाबले की दमा होतो’ हे वाक्य आपण सर्वजण ऐकतो. आपल्यापैकी काहीजण बोलतातही. एकाच बालकात इसब, शिंका व दमा अशी मालिका दिसते, हे खरे आहे. पण ती त्या प्रकृतीची मालिका आहे. चांगल्या रीतीने खाज शमविल्यामुळे दोष फुप्फुसात जातात, असे समजून बालकास मुद्दाम खाजवीत ठेवणे ही चिकित्सा नव्हे.

कोठे थांबावे

इसबावर अचानक पिवळसर खपल्या येऊन पू दिसू लागला, तर जंतुसंसर्ग समजावा आणि त्याची चिकित्सा करावी. ताप असून एकाच आकाराचे, टोचा मारल्यासारखे खोल व्रण वेगाने पसरत असतील, तर तो नागिणीच्या वर्गातील विषाणूंचा संसर्ग असू शकतो. अशा बालकास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. घरातील इतरांनाही रात्री खाज सुटत असेल, तर बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. कित्येकदा इसब म्हणून आलेली व्याधी खरूज निघते. दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल, झोप व वजन यांवर परिणाम होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी द्यावी. पाठविण्याने रुग्ण जातो, हा आमचा अनुभव नाही. तो परत येतो, आणि अधिक विश्वासाने येतो.

संघटनेपुढे काही सूचना

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात वैद्यास स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविण्यास परवान्यातून सूट दिलेली आहे. बाजारातील आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर मात्र सर्व घटकांची खरी यादी छापणे बंधनकारक आहे. आपल्याला मिळालेली सूट म्हणजे समाजाने आपल्यावर टाकलेला विश्वास आहे. दुसऱ्याने बनविलेले अज्ञात मलम आपल्या डबीत भरून देणे त्या सुटीत बसत नाही. म्हणून आम्ही पुढील सूचना करतो.

प्रथम, प्रत्येक डबीवर योगाचे नाव, सर्व घटक, तयार केल्याची तारीख व वैद्याचे नाव असावे. हे छापील लेबलच पाहिजे असे नाही. हाताने लिहिलेली चिठ्ठी पुरेशी आहे. द्वितीय, परवाना क्रमांक व घटकांची यादी नसलेले सुटे मलम कोणत्याही सभासदाने विकत घेऊ नये. तृतीय, संघटनेने दरवर्षी काही निधी बाजूस ठेवून सभासदांनी आणून दिलेल्या नमुन्यांची स्टिरॉइडसाठी तपासणी करवावी आणि निष्कर्ष या त्रैमासिकात छापावेत. चतुर्थ, संशयास्पद औषधाची वा दुष्परिणामाची नोंद आयुष विभागाच्या औषधदक्षता केंद्राकडे करावी. ही यंत्रणा २०१८ पासून अस्तित्वात आहे, पण तिच्याकडे लिहावे असे आपल्यास सुचत नाही. पंचम, ‘दुष्परिणाम शून्य’ हे शब्द आपल्या फलकांवरून काढून टाकावेत.

यावर एक आक्षेप येईल, तो आम्हांस ठाऊक आहे. घटक उघड केले तर योग चोरीस जातील, घराण्याची विद्या राहणार नाही. आमचे उत्तर असे की आपल्या संहिताकारांनी द्रव्ये, त्यांची माने व करण्याची रीत उघडपणे लिहून ठेवली, म्हणूनच ती इतक्या शतकांनंतर आपल्या हाती आहेत. जे त्यांना लपवावेसे वाटले नाही, ते आपण का लपवावे? आणि ज्या योगाचे घटक सांगताच त्याचे तेज जाते, त्या योगात नेमके काय आहे याची शंका वैद्यासच प्रथम आली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. स्टिरॉइडविरहित खरे मलम हळू गुण देते. रुग्ण थांबत नाही. हे काही अंशी खरे आहे. परंतु पहिल्याच भेटीत ‘आठ दिवसांत खाज कमी होऊ लागेल, व्याधी अधूनमधून डोके वर काढील, हिवाळ्यात अधिक, आणि स्नेह गुण आल्यावरही चालू ठेवावा लागेल’ असे स्पष्ट सांगितले, तर बहुसंख्य माता थांबतात, असा आमचा अनुभव आहे. ज्या थांबत नाहीत, त्यांना आपण खोटे बोलून थांबवू नये.

२०११ पासून आमच्या दवाखान्यातील प्रत्येक डबीवर चिठ्ठी चिकटविलेली असते. ती लिहिण्यास दोन मिनिटे जातात, आणि गर्दीच्या दिवशी ती दोन मिनिटे जड वाटतात. काही माता ती वाचतात, काही वाचीत नाहीत. परंतु पुन्हा कोणी मातेने ‘डॉक्टर, यात काय आहे?’ असे विचारलेच, तर डबीकडे बोट दाखवून उत्तर देता येते. आपल्या प्रत्येक सभासदास तसे उत्तर देता यावे, इतकीच आमची अपेक्षा आहे. सुज्ञ वाचकांनी यावर आपली अनुकूल-प्रतिकूल मते अवश्य कळवावीत, ही नम्र विनंती.